बर्फात लोखंडी नट गोठवला तर?

ते बर्फाचं कोडं ऐकलंय ना, की पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तरी ग्लासातली पाण्याची पातळी तेवढीच राहते, ते बरोबरच आहे, पण आता त्याच बर्फात एक छोटा लोखंडी नट गोठवा आणि मग सांगा. पातळी चक्क खाली जाते! कारण नट बर्फासोबत तरंगतोय तोवर तो स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो, म्हणजे १ ग्रॅमचा नट असेल तर १ मिली, आणि बर्फ वितळून नट तळाला गेला की फक्त स्वतःच्या आकारमानाइतकं, जेमतेम ०.१३ मिली.

मी करून बघितलं, पहिल्यांदा नट जरा मोठा घेतला तर खडा सरळ बुडालाच (बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट, तरंगायला मार्जिनच कमी). मग बारीक नट घालून चार खडे केले, अरुंद ग्लास घेतला, मार्करने रेघ मारली, तेव्हा कुठे दीड-दोन मिलिमीटर फरक दिसला. नटाऐवजी बुचाचा तुकडा असेल तर मात्र पातळी ढिम्म हलत नाही, का ते तुम्ही शोधा.

आणि जाता जाता एक मोजणीचं, ६ बाय ४ चौकोनांचं चॉकलेट एका वेळी एकच तुकडा सरळ रेषेत मोडत सगळे २४ चौकोन सुटे करायचेत, तर किती वेळा मोडावं लागेल? कसंही मोडा, २३च, दर वेळी तुकडे एकानेच वाढतात ना!