३ किलोवॅट सोलर, तीन कोटेशनं आणि अर्ध्या लाखाचा फरक (इंदूर)

गच्ची_सुदामानगर

इंदूरला सुदामानगरमध्ये दुमजली घर आहे. वीजवापर वर्षाच्या सरासरीने महिन्याला ३२० युनिट: मे महिन्यात ५५०, डिसेंबर-जानेवारीत १८०. सिंगल फेज, मंजूर भार २ किलोवॅट. गच्चीवर मोकळी जागा २२ बाय १६ फूट (२२ फूट पूर्व-पश्चिम). आग्नेय कोपऱ्यात ओट्यासकट ६ फूट उंचीची पाण्याची टाकी आहे. पीएम सूर्यघर योजनेतून बसवायचं आहे. तीन कोटेशनं आली:

अ) १.६८ लाख. ५५० वॅटची ६ पॅनेलं, ३ किलोवॅट इन्व्हर्टर, "जीआय स्ट्रक्चर", केबल "लागेल तशी". जीएसटी १३.८ टक्के धरून.

ब) १.९५ लाख. ५४० वॅटची ६ डीसीआर पॅनेलं, ३ किलोवॅट इन्व्हर्टर, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर (पुढचा पाय २ फूट), ३ अर्थिंग, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचावासाठी).

क) २.२० लाख. ५५० वॅटची ५ डीसीआर पॅनेलं, ५ किलोवॅट इन्व्हर्टर ("पुढे वाढवता येईल"), ८ फूट उंच स्ट्रक्चर.

तिघांनीही सबसिडी ७८,००० लिहिली आहे. फरक नेमका कशाचा? लाईट गेल्यावर सोलरवर पंखे तरी चालतील का? आणि बिल अजून वडिलांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत. त्याने काही अडतं का?

ऊन_सावली

आधी सबसिडी, कारण तिघांपैकी एकाचाच आकडा खरा आहे. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,०००. क्षमता मोजताना पॅनेलं आणि इन्व्हर्टर यांतली जी कमी असेल ती धरतात. 'क'ची पॅनेलं होतात २.७५ किलोवॅट, इन्व्हर्टर ५ चा असला तरी. म्हणजे ६०,००० अधिक १८,००० चा पाऊण भाग, एकूण ७३,५००. पुढे वाढवण्याच्या नावाखाली तुम्ही मोठ्या इन्व्हर्टरचे पैसे आज भरताय आणि सबसिडीत साडेचार हजार सोडताय.

'अ'मध्ये डीसीआर हा शब्दच नाही. डीसीआर म्हणजे सेलपासून भारतात बनलेलं पॅनेल. ते नसेल तर सबसिडी शून्य. सध्याच्या भावात डीसीआर पॅनेल वॅटला साधारण २४ ते २६ रुपये पडतं आणि साधं १५ च्या आसपास. ३.३ किलोवॅटवर हा फरक तीस हजारांच्या घरात जातो, आणि 'अ' व 'ब'मधलं अंतरही जवळपास तेवढंच आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ७० टक्के माल आणि ३० टक्के काम अशी विभागणी धरली की एकूण ८.९ टक्के येतो. 'अ'वाला अजून जुने १३.८ लावतोय, म्हणजे सातेक हजार तिथेच जास्त.

'ब'च्या १.९५ लाखांची फोड ढोबळमानाने अशी बसते: पॅनेलं ८० हजार, इन्व्हर्टर २२ ते २८ हजार, स्ट्रक्चर २० ते २५ हजार. उरलेल्यात एसीडीबी-डीसीडीबी (फ्यूज-स्विचच्या सुरक्षा पेट्या), केबल, अर्थिंग, अरेस्टर, मीटरचं काम, मजुरी, कर आणि त्याचा नफा. भाव वाजवी आहे. पाचेक हजारांची घासाघीस चालेल, पण ती केबल आणि अर्थिंगमधून निघत नाही एवढं बघा.

स्ट्रक्चरबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवाफसवी होते. नुसतं "जीआय" म्हणजे बहुतेक वेळा आधीच पातळ जस्त चढवलेल्या पाइपाचं जागेवर कापून वेल्डिंग केलेलं काम. कापलेल्या टोकाला आणि वेल्डिंगवर जस्त उरत नाही, वरून चंदेरी रंग मारतात आणि दोन पावसाळ्यांत गंज खाली उतरतो. हॉट-डिपमध्ये आधी कापून, भोकं पाडून मग जस्तात बुडवतात. ८० मायक्रॉन मागा आणि जोडणी फक्त नट-बोल्टची, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पाय स्लॅबमध्ये भोक पाडून ठोकू देऊ नका, गच्ची गळायला तिथूनच सुरुवात होते. स्लॅब खरवडून त्यावर फूटभर लांब-रुंद-उंच काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, फाउंडेशन बोल्ट आतच धरायचे आणि ठोकळ्याभोवती वॉटरप्रूफिंगचा हात फिरवायचा. ठोकळ्यांना किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय पॅनेल चढवू देऊ नका. ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला स्ट्रक्चर टिकेल असं लेखी घ्या.

जागा पुरते. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर असतं. तीन-तीनच्या दोन ओळी उभ्या लावल्या तर साडेअकरा बाय साडेचौदा फूट लागतात. तोंड दक्षिणेला, कल २० ते २२ अंश.

आता टाकी. डिसेंबरात इंदूरला भर दुपारी सूर्य जेमतेम ४४ अंशांवर येतो, तेव्हा ६ फुटी टाकीची सावली सहा फुटांच्या थोडी पुढे जाते. पण सकाळी ९ ला ती १५ फूट लांब होऊन वायव्येकडे पसरते, म्हणजे पश्चिमेकडे साडेअकरा फूट. १० वाजेपर्यंत तीच पश्चिमेकडे सहा फुटांवर येते. त्यामुळे सगळी पॅनेलं गच्चीच्या पश्चिम कडेला सरकवा. मधे नऊ-दहा फूट अंतर राहिलं की ९ नंतर फारसा त्रास उरत नाही. सहाही पॅनेलं एकाच माळेत असतात. एका पॅनेलच्या एका पट्ट्यावर जरी सावली पडली तरी बायपास डायोड त्या पॅनेलचा एक-तृतीयांश भाग वगळतो.

या एका बाबतीत 'क'चं ८ फूट स्ट्रक्चर खरंच कामाचं आहे: पॅनेलं टाकीच्या वर जातात आणि खाली कपडे-वाळवणाला गच्ची मोकळी राहते. हवं असेल तर 'ब'कडूनच उंच स्ट्रक्चरचा भाव घ्या. पंधरा-वीस हजार वाढतील. मात्र पायांना तिरके आधार हवेतच.

लाईट गेल्यावर ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली सिस्टीम बंद पडते, भर उन्हातही. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घरातून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. पंख्यांसाठी घरात जुना बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर तो आहे तसा चालू ठेवा. हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घेतली तर लाखभर तरी वाढतात आणि बॅटरीला वेगळी सबसिडी नाही. इंदूरला जेवढं भारनियमन असतं तेवढ्यासाठी ते मला पटत नाही.

फाईल_सरकवा

बिलाच्या नावाचं काम सगळ्यात आधी करा, पॅनेलांच्या आधी. सबसिडी वीजजोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच बँक खात्यात येते. पोर्टलवरचं नाव, आधार आणि पासबुक यांत फरक पडला की गाडी तिथेच अडते. मग पॅनेलं वर बसलेली आणि ७८ हजार अधांतरी. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात मृत्यू दाखला, वारसाहक्काचे किंवा मालमत्तेचे कागद आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र देऊन नामांतर होतं. नवं नाव छापलेलं एक बिल हातात पडलं की मगच नॅशनल पोर्टलवर आयव्हीआरएस नंबर (बिलावरचा ग्राहक क्रमांक) टाकून नोंदणी करा.

मंजूर भार २ किलोवॅट आहे म्हणून घाबरू नका. २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आधी तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, आणि लागेल तसा मंजूर भार कंपनीच वाढवते. भार वाढला की स्थिर आकार वाढू शकतो, तो हिशोबात धरा.

पुढचा क्रम: पोर्टलवर अर्ज, मंजुरी, नोंदणीकृत व्हेंडर निवडून करार, बसवणी, नेट मीटर (घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा), वीज कंपनीची तपासणी, कमिशनिंग रिपोर्ट आणि शेवटी बँक तपशील भरून सबसिडीची मागणी. पॅनेलांचे सीरियल नंबर पोर्टलवर चढवतात. ते गच्चीवर जाऊन स्वतः जुळवून बघा. पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे, तिचे पुन्हा पैसे मागितले तर करार दाखवा. "सबसिडी वजा करून एवढेच द्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पूर्ण रक्कम तुम्ही भरायची असते, सबसिडी नंतर थेट खात्यात येते. हाताशी पैसे नसतील तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारणाशिवाय सहा टक्क्यांच्या आसपास कर्ज देतात.

वजाबाकी

३ च का, २ किलोवॅट का नाही? १ किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला १२०. २ किलोवॅट तुमचे २४० युनिट भागवतो, आणि ६० हजार सबसिडी त्यातच येते. तिसऱ्या किलोवॅटचे १२० युनिट निघतील, पण सध्याच्या वापरात त्यातले ८० च खपतात. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात हे खरं, पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्यांना मिळणारा दर आपण मोजतो त्याच्या निम्माही नसतो.

युनिट सगळं धरून साडेसात रुपये पकडला तर २ किलोवॅट वर्षाला २१,६०० वाचवतो, तिसरा जेमतेम ७,२०० ची भर घालतो. दुसरा एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर ३ घ्या, नाहीतर २ पुरे. (ज्यांचा वापर १५० युनिटांच्या आत आहे, त्यांना मध्य प्रदेशात पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. त्यांनी तर या भानगडीत पडण्याआधी दोनदा हिशोब करावा.)

गच्ची_सुदामानगर

सगळ्यांचे आभार. दुसरा एसी या उन्हाळ्यात नक्की आहे, त्यामुळे ३ च. नामांतराचा अर्ज आधी देतो. गच्चीपासून मीटरपर्यंत केबल सुमारे २५ मीटर होईल. 'ब'वाला एसी बाजूला (इन्व्हर्टर ते मीटर) अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल म्हणतोय. चालेल?

ऊन_सावली

जळणार नाही, पण नको. ३ किलोवॅटला १३ अँपियर धरा. २५ मीटरवर अडीचच्या केबलमध्ये सुमारे ५ व्होल्ट जातात, ६ चौरस मिलिमीटरमध्ये २. सोलर वीज बाहेर ढकलत असताना हे व्होल्ट इन्व्हर्टरच्या टोकाला वाढून दिसतात. दुपारी आपल्या लाइनवर २४८-२५० आधीच असेल तर इन्व्हर्टर २५३ ला सुटतो, पाच मिनिटांनी परत लागतो, परत सुटतो. नेमक्या ११ ते २ च्या उन्हात निर्मिती कोसळते आणि दोष पॅनेलांवर जातो. ६ चीच टाका. आजच दुपारी मीटरजवळ मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघून ठेवा. २५० च्या वर दिसलं तर व्होल्टेज खाली आणायला ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलण्यासाठी झोनला लेखी तक्रार द्या.

डीसी बाजूला (पॅनेल ते इन्व्हर्टर) ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, पाइपातून. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या केबली जोडणारे प्लग) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. वेगळे जुळवले की सैल बसतात, तापतात, वितळतात. कनेक्टर स्लॅबवर लोळू देऊ नका, पॅनेलच्या फ्रेमला बांधून घ्या. नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरतं आणि सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवून सुरूच होत नाही. तिन्ही अर्थिंगचं मोजमाप ५ ओहमच्या आत हवं, आणि अरेस्टरचं अर्थिंग बाकी दोन्हींपासून वेगळं.

मे महिन्यात ऊन कडक म्हणून निर्मितीही सगळ्यात जास्त असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की चौदाएक टक्के ताकद तिथेच जाते. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावर येते. आणि धुवायला बोअरचं पाणी नको, क्षाराचे पांढरे डाग काचेवर बसतात. नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मऊ मॉपने.

फाईल_सरकवा

पैसे देताना: करारावर १० ते २० टक्के, माल गच्चीवर आल्यावर आणि सीरियल नंबर जुळल्यावर ६० टक्के, बसवून झाल्यावर थोडे, आणि किमान १० टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. मीटरच्या कागदांसाठी व्हेंडर ज्या वेगाने पळतो तो त्या १० टक्क्यांमुळेच.