फवारणी पडते कुठे, ते बघा

नारळावरच्या कोळी किडीबद्दल एकाने ‘खोड आणि झावळ्या औषधाने पूर्ण भिजवल्या, तरी कोळी गेला नाही’ असं लिहिलंय. जाणार नाहीच. हा इरिओफाइड कोळी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड (भारतात १९९८ साली केरळात पहिल्यांदा नोंदली गेली), पानांवर राहतच नाही. नारळाच्या देठाकडच्या टोपीखाली, कोवळ्या सालीवर तिची वस्ती असते. टोपीच्या कडेला फिकट त्रिकोणी पट्टा दिसला की सुरुवात झाली समजा. तपकिरी होऊन तडकलेली साल पुन्हा नीट होत नाही, त्यामुळे मोठ्या नारळांवर औषध वाया घालवू नका. दोन ते सहा महिन्यांचे घोसच टोपीपाशी नीट भिजवा.

१० लिटर फवारणीच्या मिश्रणासाठी २०० मिली कडुनिंबाचं तेल, २०० ग्रॅम लसूण, ५० ग्रॅम साबण. साबण अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेल ढवळत घाला, मग लसणाचा गाळलेला रस आणि उरलेलं पाणी. तेल वर तरंगलं तर मिश्रण बिघडलं, ते मारू नका. लसूण फडक्यातून गाळाच, नाहीतर नोझल तुंबतं आणि माणूस माडावर अडकतो. त्याच दिवशी संपवा.