मदत हवी आहे: लिनिया टी-जेट रिमॅपनंतर वरच्या आरपीएमला लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतेय, मोठा फ्युएल पंप टाकू का?

घाटवेडा:
नमस्कार मंडळी. गाडी फियाट लिनिया टी-जेट, २०१२ची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीची ताकद ११४ पीएस. दिवाळीत रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) करून घेतला, ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे आता १४५च्या आसपास. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) साधारण १.१ बार. टर्बो, इंजेक्टर, पंप सगळं मूळचंच.

गावात आणि हायवेला अर्ध्या थ्रॉटलवर काही तक्रार नाही. पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली, की ४८००पर्यंत वाइडबँड सेन्सरवर लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा वाढला म्हणजे लीन) ०.८२ आणि तिथून पुढे ०.९२पर्यंत चढतो. टाकी पावभर असली तर त्याही आधीच. नॉकिंग (इंजिनात अवेळी पेट घेतल्याची खडखड) कानाला जाणवलं नाही, लॉगमध्ये मात्र स्पार्कचं टायमिंग मागे खेचलेलं दिसतंय. सध्या ४०००च्या वर नेतच नाहीये.

ट्यूनर म्हणतो, "वॉलब्रो २५५ टाका, विषय संपला." तो तासाला २५५ लिटरचा पंप टाकीतल्या डब्यात बसतो का? पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर बदलावा लागतो का? आणि या सगळ्यात ई२०चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) किती हात? रांजणगावला फियाटच्या गाड्या बनायच्या थांबल्यापासून सुट्या भागांसाठी वणवण आहे, म्हणून टाकी उघडण्याआधी विचारतोय.

भोचकभवानी:
फियाट आणि वर रिमॅप! हौसेला मोल नाही. वाचतेय.

तेलकट_हात:
घाटवेडा, ४०००च्या वर नेत नाही हे उत्तम. बूस्टमध्ये लीन चालवली तर पिस्टन जातो, आणि लिनियाचा पिस्टन शोधणं म्हणजे पंपापेक्षा मोठी वणवण.

आधी हिशोब करू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव किलोहून थोडं जास्त, ०.२७ किलो धरा, इंधन खातं. १५० हॉर्सपॉवर म्हणजे ४० किलो, लिटरमध्ये ५४-५५. ई२०ला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त लागतं, ई१०पेक्षा ४. म्हणजे झाले ५९. वर पाव हिस्सा राखीव ठेवला तरी ७५च्या आतच. त्यासाठी २५५चा पंप कशाला? तो आकडा कमी दाबाचा असतो, दाब वाढला की प्रवाह घटतो, हे मान्य. तरी तुमच्या गरजेच्या कितीतरी पट आहे.

मोठ्या पंपाचं दुखणं वेगळंच. या गाडीत परतीची नळी नाही, ३.५ बारचा रेग्युलेटर टाकीतच पंपाच्या डब्यात बसवलेला. आयडलला लागणार चमचाभर, पंप ढकलणार बादलीभर. जास्तीचं पेट्रोल त्या चिमुकल्या रेग्युलेटरला सोडता आलं नाही तर दाब ३.५च्या वर जातो आणि खालच्या आरपीएमला गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते. शिवाय मोठी मोटर करंटही जास्त ओढते, तोही त्याच जुन्या वायरीतून.

म्हणून आधी दाब मोजा. रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) अलीकडे टी जोडून गेज लावा. गेज केबिनमध्ये आणायचा नाही. बॉनेटच्या फटीतून नळी बाहेर काढून वायपरजवळ काचेवर बाहेरून चिकटवा आणि शेजारच्याला वाचायला सांगा. पूर्ण बूस्टला दाब ३.५वरून घसरला तर दोष पंप, त्याच्या तोंडाची जाळी किंवा वायरिंगचा. दाब ठाम राहिला आणि तरी लीन, तर इंजेक्टरची क्षमता संपली, मग पंप कितीही मोठा टाका, उपयोग शून्य. इंजेक्टर पल्सचा (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो त्याचा) आकडाही द्या. ५५००ला एका सायकलला मिळतात २१.८ मिलिसेकंद. त्यातले १९च्या पुढे गेले तर समजून जा.

वायरमन_मिरज:
तेलकट_हातांशी सहमत, पण गेजच्याही आधी मल्टीमीटर. मागच्या सीटखाली पंपाचा प्लग आहे, त्यावर गाडी लोडवर असताना व्होल्टेज बघा. जुन्या गाडीत प्लस सगळे तपासतात, अर्थिंगकडे कुणी बघत नाही. मीटरचा एक पाय पंपाच्या अर्थ पिनवर, दुसरा बॅटरीच्या मायनसवर. अर्धा व्होल्टच्या वर काहीही आलं तर तिथेच पाणी मुरतंय.

घाटवेडा:
मंडळी, मोजलं. बॅटरीवर १३.९, पंपाच्या प्लगवर ११.२. त्यातले १.८ व्होल्ट एकट्या अर्थमध्ये जात होते! सीटखालचा कार्पेट उचलला तर आधीच्या मालकाने अलार्म बसवताना अर्थची वायर कापून, पिळून, वर सेलोटेप लावलेली. आतली तांब्याची तार हिरवीगार.

रेलचा दाब आयडलला ३.५, ५५००ला पूर्ण बूस्टवर २.९. मग मिरजकरांच्या सल्ल्याने अर्थ नवा ओढला आणि प्लससाठी बॅटरीपासून फ्यूज आणि रिले टाकून जाड वायर आणली. आता प्लगवर १३.३, आणि दाब ३.४च्या खाली येत नाही. लॅम्बडा ०.८४. इंजेक्टर पल्स ५५००ला १८.९.

पण पावभर टाकीवर वळणात अजूनही क्षणभर लीन होतेच.

वायरमन_मिरज:
सेलोटेप! फोटो टाका हो, आमच्या पोरांना दाखवायचाय. आणि नवीन रिलेचं ट्रिगर जुन्या पंपाच्या वायरीवरूनच घेतलंय ना? थेट इग्निशनवरून घेतलं तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहील. हे आजच बघा.

तेलकट_हात:
आकडे जुळतात. १.१ बार बूस्ट म्हणजे इंजेक्टरवर खरा दाब ३.५ वजा १.१, २.४ बार. रेल २.९ला आली की तोच १.८. प्रवाह वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे १३ टक्के कमी. तुमचं लीन होणं जवळपास सगळं त्यातच आलं.

पावभर टाकीचं कारण वेगळं आहे. पंप ज्या वाटीत बसतो ती वळणात रिकामी होतेय किंवा जाळी तुंबली आहे. वय बघता टाकी उघडाच, पण पंप मूळ क्षमतेचा घ्या, जाळी नवी, आणि टाकीतला नळीचा तुकडा बदलणार असाल तर पेट्रोलमध्ये बुडून राहणारा, एसएई ३०आर१० लिहिलेला. साधी फ्युएल नळी बाहेरून फुगून फाटते, ई२०मध्ये तर भरवसाच नको. काम मोकळ्या हवेत, टाकी जेमतेम भरलेली, बॅटरी काढलेली.

इंजेक्टर मिळणाऱ्या वेळेच्या ८७ टक्क्यांवर आहेत, म्हणजे काठावर. ट्यूनरला सांगा, ५०००च्या वर बूस्ट ०.१ने उतरव. पाच-सात घोडे जातील.

घाटवेडा:
ट्रिगर जुन्या वायरीवरूनच आहे, आत्ताच खात्री केली. वॉलब्रोची ऑर्डर रद्द केली. मूळ क्षमतेचा पंप पुण्यात कुणाकडे मिळाला असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, आणि ते टाकीवरचं गोल झाकण फिरवायचं हत्यार असेल तर एका रविवारपुरतं हवंय.

भोचकभवानी:
हत्यार आहे. यजमानांची फियाट पुन्टो गेली, हत्यार उरलं. कोथरूडला येऊन न्या.