गाडीतल्या रात्री : तुमचा अनुभव लिहा

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे चालायला जातो तेव्हा झाडांखाली एक पांढरी ओम्नी उभी असायची. आत नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. काचांना आतून साडी लावलेली. गेल्या आठवड्यात जागा रिकामी दिसली. गाडेवाला म्हणाला, "तांकां उठयले." कोणी उठवलं, कुठल्या नियमानं, ते त्यालाही सांगता येईना. तुमच्यापैकी कोणी गाडीत रात्री काढल्या आहेत का? हौसेनं, नाइलाजानं, कशाही. फक्त "खोली का नाही घेतली" असं कोणी विचारू नये.

सावंतवाडीहून
सासऱ्यांना गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आणलं होतं. त्यांच्यापाशी मी, नवरा आणि दीर ईकोत. पहिल्या रात्री सिक्युरिटीवाल्यानं काचेवर टकटक केली. दिरानं पास दाखवला. "बरें, न्हिदात (झोपा)," म्हणून गेला. दुसऱ्या रात्री तोच सांगायला आला, की सावलीची जागा हवी तर उजाडायच्या आत धरा. एमएच ०७ ची पाटी तिथे कोणाला खुपत नाही, आमच्याकडच्या गाड्या रोजच्याच.

पेडणे, टॅक्सी चालवतो
मोपा विमानतळाची पहाटेची भाडी असतात, घरी जाऊन परवडत नाही. सीट पाडून झोपतो. पोलीस टॉर्च मारतात, पिवळी पाटी बघतात, जातात. एकच सांगतो, काचा लावून एसी चालू ठेवून झोपू नका. इंजिनाचा धूर आत येतो आणि माणूस उठत नाही.

बार्देश, शॅकवर (किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात) स्वयंपाकी
मूळचा खानापूरचा. ३१ मेला सीझन संपतो, शॅक मोडतात, नोकरीबरोबर खोलीही जाते. एरवी गावी जायचो. एका वर्षी गावी जायला तोंड नव्हतं (तो किस्सा वेगळा), म्हणून जुन्या पिकअपवर ताडपत्री टाकून इथेच राहिलो. पावसात काच लावली तर गुदमरतं, उघडली तर भिजतो. शेवटी दोन बोटं फट ठेवून वर प्लास्टिक चिकटवायला शिकलो. जागेचंही शास्त्र असतं. दिव्याच्या खांबाखाली झोप लागत नाही, पण चोर येत नाहीत. मासळी बाजाराजवळ पहाटेच टेम्पोंचे भोंगे. देवळाजवळ नळ मिळतो, पण सकाळी लोक बघतात.

दर चार-पाच दिवसांनी कोणीतरी उठवायचं. "झोपू नको" असं कधी कोणी म्हणालं नाही. म्हणायचे, "गाडी हांगा दवरूं नाका (इथे ठेवू नका)." मग पुढची गल्ली. एकदा मागची फळी पाडून स्टोव्हवर भात लावला, तेवढ्यावरून ठाण्यावर नेलं. आधारवर खानापूर. इथला पत्ता विचारला, तर मी गाडीचा नंबर सांगितला. हवालदार हसला, मीही हसलो. भात तसाच राहिला गाडीत.

मडगाव, वकील
भाताचाच मुद्दा धरतो. गोव्यात पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्यायली तर दंड आला, एकट्याला २,००० रुपये, घोळक्याला १०,०००. २०२५ मध्ये तो १ लाखापर्यंत नेला. रोख बस भरून येणाऱ्यांवर होता, पण स्टोव्ह कोणाचा हे कायदा विचारत नाही. (ती गल्ली पर्यटन स्थळ कधी झाली, हे मात्र कोणीतरी विचारायला हवं होतं.)

गाडी उचलायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या १२७ व्या कलमात आहे : १० तास बेवारस उभी असेल, किंवा पार्किंगला बंदी असलेल्या जागी. आत माणूस घोरत असेल तर ती बेवारस कशी? नो पार्किंगमध्ये मात्र घोरण्याचा उपयोग नाही. आणि दारू घेतली असेल तर स्टिअरिंगमागे झोपू नका. १८५ वं कलम गाडी चालवायचा प्रयत्न करणाऱ्यालाही लागतं, आणि प्रयत्न कशाला म्हणायचं यावर रात्री दोन वाजता वाद घालणं कठीण.

मोरजी
आमचंही ऐका. डिसेंबरात बसवाले गडग्याला टेकून झोपतात, सकाळी भाटात (माडांच्या बागेत) काय काय सापडतं ते इथे लिहवत नाही. त्या ओम्नीवाल्यांचं मला काही नाही. पण पंचायतीला तक्रार केली की आधी तेच उठतात, बस तिथेच.

पर्वरी, पूर्वी लॉस एंजेलिस
तिकडे हजारो माणसं गाडीत राहतात. शहराची जुनी बंदी इतकी मोघम होती, की २०१४ मध्ये फेडरल कोर्टानं ती रद्द केली. २०१७ मध्ये नवी आली : वस्तीच्या रस्त्यावर रात्री ९ ते सकाळी ६ गाडीत राहायचं नसे, शाळा, बाग, पाळणाघराजवळ तर दिवसाही नसे. आमच्या ऑफिसात सफाई करणारा एकजण कुठे चालतं, कुठे नाही त्याचा नकाशा डॅशबोर्डवर ठेवायचा. पोलिसाच्या मर्जीवर काही नव्हतं. तरी रोज रात्री नऊला गाडी हलवायची चुकली नाही.

धागा काढणारा
ओम्नी परवा दिसली, बेतीच्या फेरीधक्क्याजवळ. मुलगी पायरीवर बसून गृहपाठ करत होती. मी विचारायला थांबलो तर बाप घाईनं म्हणाला, "काढतो साहेब, काढतो गाडी."