चाळीस तासांचे दोन तास: माहितीपट इतिहास जपतो की कापतो?

कातरवेळ

परवा 'समर ऑफ सोल' तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा चिडलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, माउंट मॉरिस पार्कात (आताचं मार्कस गार्वी पार्क) फुकट मैफली झाल्या. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, स्लाय स्टोन. सगळ्या मिळून तीन लाखांच्या आसपास श्रोते, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. हॅल टुल्चिन नावाच्या माणसानं हे सगळं दोन इंची व्हिडिओटेपवर उतरवलं. लाइट्सना पैसे नव्हते, म्हणून स्टेजचं तोंड पश्चिमेला ठेवलं, म्हणजे उतरतं ऊन गायकांच्या चेहऱ्यावर येईल. (या एका जुगाडासाठी त्या माणसाला दंडवत.) साधारण ४० तासांचं चित्रीकरण झालं. सिनेमा म्हणून ते घ्यायला कोणी तयार होईना, टेपा तळघरात गेल्या. २०२१ मध्ये क्वेस्टलव्ह या संगीतकारानं त्यातून दोन तासांचा माहितीपट केला आणि २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

माझी तक्रार अशी, की गाणं रंगात येतं न येतं तोच त्यावर कोणाची तरी मुलाखत चढते. आणि वर सगळे म्हणतात, इतिहास जपला! दोन तास बाहेर आले, अडतीस तास पुन्हा अंधारातच. ही निवड झाली, जतन नव्हे. जतन म्हणजे ४० तास सलग, कोण गातंय, कोण बसलंय, तारीख काय, अशा नोंदींसकट सगळ्यांना उघडे.

मी गेली ११ वर्षं एडिट टेबलावर आहे, म्हणून बोलतो. एका वाहिनीसाठी (नाव नको) गिरणगावातल्या म्हाताऱ्या कामगारांच्या २२ तासांच्या मुलाखती ४४ मिनिटांत बसवल्या होत्या. कार्यक्रम चांगला झाला, फोनही आले. आठवड्यानं हार्ड डिस्क पुढच्या कार्यक्रमाला लागणार म्हणून रिकामी करायला सांगितली. फॉरमॅट मीच मारला. त्यातले दोन आजोबा आता नाहीत.

दगडू_परब

मग बघा ना चाळीस तास सलग. चहाचा थर्मास भरून घ्या. आम्ही दोन तासांतच खूश आहोत.

नानबा

साफ असहमत.

पहिलं म्हणजे तळघराची गोष्ट थोडी फुगवलेली आहे. १९६९ मध्येच यातले तासाभराचे कार्यक्रम अमेरिकन टीव्हीवर लागले होते. म्हणजे लोकांनी पाहिलं आणि विसरूनही गेले. का? कारण ते नुसतं गाण्याबजावण्याचं चित्रण होतं. कोण, कुठे, कशासाठी जमलेत याचा धागा कोणी विणला नव्हता. कच्च्या टेपांना पन्नास वर्षं संधी होती की तुमच्या म्हणण्याप्रमाणे 'जतन' व्हायची!

दुसरं, कट म्हणजे काय ते या चित्रपटातच बघा. २० जुलै १९६९, माणूस चंद्रावर उतरला तोच रविवार. पडद्यावर एकीकडे चंद्र, टीव्हीवरचं कौतुक, आणि दुसरीकडे हार्लेमच्या मैदानातली माणसं वार्ताहराला सांगतायत, की हा पैसा इथल्या भुकेल्यांवर खर्च करायला हवा होता. या दोन गोष्टी एकाच टेपवर नव्हत्या. त्या शेजारी ठेवल्यावरच तो दिवस कळतो.

आणि मुलाखती 'चढतात' म्हणालात. महालिया आणि मेव्हिस स्टेपल्स एकाच माइकवर 'प्रेशस लॉर्ड' गातात. मार्टिन ल्यूथर किंग यांचं आवडतं भजन, त्यांची हत्या होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. महालियाला बरं वाटत नव्हतं, तिनं मेव्हिसला गायला साथ दे म्हणून सांगितलं, हे ऐंशी ओलांडलेली मेव्हिस स्वतः सांगते. हे टेपवर कुठून येणार? टेपला फक्त दोन बाया दिसतात.

कातरवेळ

@नानबा, मेव्हिसचा मुद्दा मान्य. चंद्राचाही. पण तुम्ही धरून चालताय की एडिट केलेली फिल्म टिकते. 'आइज ऑन द प्राइज' आठवा. हेन्री हॅम्प्टन यांची नागरी हक्क चळवळीवरची १४ तासांची मालिका, पहिला भाग १९८७, दुसरा १९९०. इतिहासतज्ज्ञांना कॅमेऱ्यासमोर बसवायचंच नाही, जे तिथे होते तेच बोलतील, असा त्यांचा दंडक. एवढी तोलामोलाची मालिका, आणि पुढे ती दाखवताही येईना, विकताही येईना. कारण आतली गाणी, फोटो, बातम्यांची फिल्म यांचे हक्क ठराविक वर्षांपुरते घेतलेले आणि ती मुदत संपलेली. पुन्हा हक्क घ्यायला देणग्या गोळा कराव्या लागल्या, टीव्हीवर परतली २००६ मध्ये. हॅम्प्टन १९९८ मध्येच गेले होते.

मधल्या काळात काय शाबूत होतं? पूर्ण मुलाखती. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॅम्प्टन यांचा संग्रह आहे, अख्ख्या मुलाखती शब्दशः वाचता येतात. माझा मुद्दा एवढाच आहे.

नानबा

आणि त्या मुलाखती घेतल्या कशासाठी गेल्या होत्या? मालिकेसाठीच ना. गाय नको, दूध हवं!

सई_शिकागो

वाद वाचतेय, मजा येतेय. इथलं एक सांगते. शिकागोच्या साउथ साइडला कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरगुती फिल्म गोळा करून डिजिटल करण्याचा प्रकल्प आहे, शिकागो विद्यापीठातल्या जॅकलीन स्टुअर्ट यांनी २००५ मध्ये सुरू केलेला. वाढदिवस, ईस्टरचे नवे कपडे, नवी गाडी, अंगणात नाचणारी पोरं. आवाज नाही, गोष्ट नाही.

या फिल्म दाखवतात त्या एका खेळाला मी गेले होते, तेव्हा पडद्यावर रस्त्याचं एक वळण आलं, आणि मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, ते दुकान! मग कोणी दुकानदाराचं नाव सांगितलं, कोणी म्हणालं छे, तो नाही, त्याचा भाऊ. पाच मिनिटं नुसता गलका. पडद्यावर तोपर्यंत भलतंच काहीतरी चाललेलं, कोणाचं लक्ष नाही. तिथे एडिटर असता तर त्यानं ते वळण पहिल्या फटक्यात उडवलं असतं. दोन सेकंदांचा हललेला शॉट होता.

कातरवेळ

सईताई, अगदी हेच म्हणायचं होतं. मीही उडवला असता.

वसुधा

कच्चं म्हणजे खरं, हे कुठून काढलंत? कॅमेरा कुठे उभा केला आणि कधी चालू केला, पहिला कट तिथेच पडतो. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामाच्या बर्मिंगहॅमला पोलिसांनी शाळकरी मुलांच्या मोर्चावर पाण्याचे फवारे मारले, कुत्रे घातले, तेव्हा बातम्यांचे कॅमेरे हजर होते. त्याच रस्त्यांवर त्याआधी कित्येक वर्षं लोक शाळेत जात होते, लग्नं करत होते, तेव्हा कोण होतं? बातम्यांच्या रिळांत कृष्णवर्णीय माणूस दिसतो तो बहुतेक वेळा मार खाताना नाहीतर घोषणा देताना. ही रिळं जशीच्या तशी जपून तुम्ही त्या काळच्या वृत्तसंपादकाची नजर जपता.

मॅडेलिन अँडरसन बघा, मुळात एडिटर. १९६९ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला रुग्णालयातल्या कृष्णवर्णीय कामगारांनी, बहुतेक बायकाच, संप केला. अँडरसन यांना स्वतःला तिथे सगळं चित्रित करता आलं नाही, म्हणून त्यांनी टीव्हीवाल्यांनी घेतलेली फिल्म मिळवली, आपल्या चित्रणाबरोबर जोडली आणि १९७० मध्ये 'आय अ‍ॅम समबडी' केली. निवेदन संपकरी बाईच्या तोंडून. बातमीतली गर्दी इथे आपल्याशी बोलायला लागते, त्यातल्या एकीला घरी मुलं आहेत, नवरा आहे, हे कळतं. २०१९ मध्ये ही फिल्म अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत (जपून ठेवायच्या फिल्मच्या यादीत) गेली. मूळ बातम्या आज कोण बघतं?

कातरवेळ

वसुधाताई, बातम्यांच्या फिल्मबद्दल हार मानतो. पण समाजानं स्वतःच चित्रण केलं असेल तर? सॉलोमन सर जोन्स, ओक्लाहोमातले बाप्टिस्ट पाद्री. १९२१ मध्ये टल्सातली कृष्णवर्णीयांची ग्रीनवूड वस्ती गोऱ्या जमावानं जाळली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२४ पासून १९२८ पर्यंत, हे गृहस्थ कॅमेरा घेऊन गावोगाव फिरले. चर्चमधून बाहेर पडणारी मंडळी, आपापल्या दुकानाच्या दारात उभे दुकानदार, शाळा. २९ रिळं येल विद्यापीठात आहेत, नेटवर दिसतात. मी एका रात्री चार बघितली. बायका टोपी सावरतात, हसतात, कॅमेऱ्याकडे बघू की नको असं करतात. यात मी काय कापू?

नानबा

कापू नका. पण जोन्सबुवांनी मध्ये मध्ये गावांच्या, माणसांच्या नावाच्या पाट्या टाकल्यात, त्या बघितल्यात का? हेच एडिटिंग, साहेब. पाट्या नसत्या तर तुम्हाला टोप्याच दिसल्या असत्या.

अश्विनी_के

'४० तास सगळ्यांना उघडे' हे मला पटत नाही. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ला बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. त्यावरच्या 'फोर लिटल गर्ल्स'मध्ये (१९९७, दिग्दर्शक स्पाइक ली, एडिटर सॅम पोलार्ड) शवागारातले फोटो येतात आणि डोळ्यांना नीट दिसायच्या आत जातात. मला तेवढंही जड गेलं. ते फोटो पूर्ण वेळ, कोणालाही, डाउनलोडच्या बटणासकट द्यायचे? उद्या कोणीतरी त्यावर ढणढण संगीत लावून रील करेल. गोऱ्यांनी ठार मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या आईनं १९५५ मध्ये मुलाची शवपेटी उघडी ठेवली, पण ते तिनं ठरवलं. तुमच्या सर्व्हरनं नाही.

कातरवेळ

याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. 'सगळ्यांना उघडे' मागे घेतो. 'फॉरमॅट मारू नका' एवढं ठेवतो.

पँथरचा_पुतण्या

अवांतर आहे, पण राहवत नाही. काका १९७२ नंतर मुंबईत दलित पँथरमध्ये होते. नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, त्यामुळे धाग्यात घुसायचा थोडा हक्क आहे असं समजतो. त्या दिवसांचं हलतं चित्र आमच्याकडे एक सेकंदाचंही नाही. आहे ती एक व्हीएचएस कॅसेट, १४ एप्रिल १९९१ची, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची नांदेडची मिरवणूक. चित्रण लग्नाच्या शूटिंगवाल्यानं केलेलं. काका ट्रकवर उभे राहून भाषण करतात, हात वर जातो, तोंड हलतंय, आणि वर त्या पठ्ठ्यानं गाणं चढवलंय! भाषणाचा एक शब्द ऐकू येत नाही. मध्ये बदामाच्या आकाराचा कट मारून बँडवाले येतात. मूळ टेप त्यानं तेव्हाच पुढच्या लग्नाला वापरली असणार. आता कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. काय करू?

कातरवेळ

बुरशी आहे ती. लावून बघू नका, टेप तुटेल आणि व्हीसीआरचं हेडही जाईल. आधी मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी. साफ करून डिजिटल करणारे लोक पुण्यात आहेत, व्यक्तिगत निरोप पाठवतो. तोपर्यंत मिरवणुकीत असलेलं घरातलं कोणी असेल तर बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कोण कुठे उभं होतं, भाषणात काय होतं, सगळं.

त्या शूटिंगवाल्याबद्दल जे तोंडात आलं ते इथे लिहीत नाही.

नानबा

गाणं काढू नका हं. तेही १९९१च आहे.

पँथरचा_पुतण्या

आत्ता आत्याला फोन केला. ती होती मिरवणुकीत. म्हणते, भाषण लांबलं होतं, गाणं मीच चढवायला सांगितलं.