सेक्रेटेरिएट : मैदानात बादशहा, पैदाशीत नापास?

फर्लांग
रेसच्या नादी लागलेल्या मंडळींत सेक्रेटेरिएटचं नाव निघालं की आधी कौतुक होतं आणि मग कुणीतरी हमखास म्हणतं, "पळाला भारी, पण स्टडला, म्हणजे पैदाशीला, फुकट गेला." परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा हेच झालं. मला हे मान्य नाही. का, ते लिहितो. भांडायला या.

रेस न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत व्हर्जिनियात ३० मार्च १९७० ला जन्मलेला तांबडा घोडा. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. मालकीण पेनी चेनेरी, ट्रेनर लुसियन लॉरिन, जॉकी रॉन टरकॉट. १९७३ साली केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकून त्याने २५ वर्षांनी ट्रिपल क्राउन आणला. तिन्हींतल्या त्याच्या वेळा अजून कुणाला मोडता आलेल्या नाहीत. डर्बीचे पाव-पाव मैलाचे पाच तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगात निघाला. बाकीचे घोडे दमतात तिथे याचा वेग वाढत होता. बेलमाँटचा दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, ३१ लेंग्थनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने. अर्ध्या रेसपर्यंत शॅम हा प्रतिस्पर्धी घोडा त्याच्या बरोबरीने पळत होता, तो शेवटी सगळ्यांच्या मागे आला. शेवटच्या टप्प्यात टरकॉट मान वळवून घड्याळ बघतोय, कारण बघायला जवळपास दुसरा घोडाच नाही, असा फोटो आहे. रेसचं काहीही कळत नसलं तरी तो एकदा बघाच.

आता पैदास. जानेवारी १९७३ मध्ये पेनीबाईंचे वडील वारले आणि इस्टेटीवरचा कर अंगावर आला. केंटकीतल्या क्लेबोर्न या पैदाशीच्या फार्मच्या सेथ हँकॉकने या घोड्याच्या पैदाशीच्या हक्काचे ३२ शेअर केले, एकेक १,९०,००० डॉलरला. एकूण ६०.८ लाख डॉलर, तेव्हाचा विक्रम. आणि हे सगळं ट्रिपल क्राउनच्या आधी! अट अशी की तिसऱ्या वर्षाचा हंगाम संपला की पळणं बंद. २१ शर्यती, १६ विजय, आणि घोडा केंटकीत स्टडला.

तिथे त्याला ६५० हून जास्त शिंगरं झाली आणि त्यांतली पन्नासच्या वर मोठ्या शर्यती जिंकली. रायझन स्टारने १९८८ ची प्रीकनेस आणि बेलमाँट मारली. लेडीज सीक्रेट ही घोडी १९८६ ची 'हॉर्स ऑफ द इयर'. किंग्स्टन रूलने १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत घेतला. याला फुकट म्हणायचं?

आणि हा तर निम्माच हिशोब झाला. खरी कमाई मुलींच्या पोटी आहे. टर्लिंग्वाचा मुलगा स्टॉर्म कॅट, ज्याची स्टड फी, म्हणजे एका घोडीमागचा दर, पुढे ५ लाख डॉलरवर गेली. वीकएंड सरप्राइजचे समर स्क्वॉल आणि ए. पी. इंडी. सीक्रेटेमचा गॉन वेस्ट. सिक्स क्राउन्सचा चीफ्स क्राउन. १९९२ मध्ये घोड्यांच्या आईचा बाप या यादीत सेक्रेटेरिएट अमेरिकेत पहिला होता. मुलगे स्टडला चमकले नाहीत म्हणून बाप नापास, आणि मुलींनी घराणी उभी केली ती खिजगणतीत नाहीत. ही कुठली मोजपट्टी?

टोटबाबा
असहमत. आणि ग्रुपवर ते वाक्य टाकणारा मीच, हे आधीच सांगून टाकतो.

पन्नासच्या वर विजेते ऐकायला बरे वाटतात. पैदाशीत गाजलेला नॉर्दर्न डान्सर घ्या. शिंगरं जवळपास तेवढीच, ६४० च्या आसपास. मोठ्या शर्यती जिंकणारी त्यांतली दीडशेच्या घरात. तिप्पट फरक झाला. आणि नॉर्दर्न डान्सर काही ३१ लेंग्थनी जिंकलेला नव्हता.

दुसरं, सेक्रेटेरिएटला दिलेल्या घोड्या बघा. जगातल्या वेचून काढलेल्या. सिक्स क्राउन्सची आई ख्रिस एव्हर्ट, फक्त माद्यांसाठीच्या तीन शर्यतींची तिहेरी जिंकलेली. टर्लिंग्वाची आई क्रिमझन सेंट, म्हणजे निव्वळ वेग. वीकएंड सरप्राइजची आई लॅसी डियर, बकपासरची मुलगी. अशा घोड्यांच्या पोटी बऱ्या मुली झाल्या तर बापाचा पराक्रम काय?

आणि त्या मुली पुढे कुणाकडे नेल्या? स्टॉर्म बर्ड, सिअ‍ॅटल स्लू, मिस्टर प्रॉस्पेक्टर, डँझिग. या चौघांकडे मी आमची गल्लीतली टांग्याची घोडी नेली असती तरी काहीतरी निघालं असतं. आडात भरपूर, पोहऱ्यात काही नाही, अशी ही केस आहे. दोरी दुसऱ्यांनी ओढली आणि पाण्याचं श्रेय आडाला.

पाचवी खिडकी
बाबा फॉर्मात. मी फक्त माहितीत भर घालतो. बेलमाँटला दोन डॉलरच्या तिकिटावर २.२० डॉलर मिळत होते, म्हणजे वीस सेंट नफा. जिंकलेली ५,६१७ तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवली. महालक्ष्मी रेसकोर्सवर माझ्या शेजारी उभं राहणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात असं केलं नसतं. आम्ही हरलेलं तिकीटसुद्धा दोनदा तपासून टाकतो.

चालू द्या.

पशुधन
पशुवैद्यक क्षेत्रात आहे, घोड्यांपेक्षा गाई-म्हशी जास्त बघितल्या आहेत, तरी दोन गोष्टी.

एक, स्टडला गेल्यावर सुरुवातीला त्याचं वीर्य तपासलं तेव्हा त्यात अपक्व पेशी सापडल्या. एवढे पैसे अडकलेले, सगळे हवालदिल. मग चाचणीसाठी लिओला नावाची अ‍ॅपालूसा जातीची घोडी त्याला दाखवली, ती गाभण राहिली आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये फर्स्ट सेक्रेटरी जन्मला, अंगावर ठिपक्यांची चादर घेऊन. थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीच्या, रजिस्टरात त्याला जागा नाही, पण सेक्रेटेरिएटचं पहिलं शिंगरू तेच. आमच्याकडे वळूची परीक्षा अशीच असते, कागद काहीही म्हणोत, गाय गाभण राहते का ते बघायचं. फरक एवढाच की थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन मुळीच चालत नाही. घोडा-घोडी समोरासमोर आणावीच लागतात.

दोन, 'मुलींमधून उतरला' याला जनुकांचा आधार दिला जातो तो असा. नर आपलं एक्स गुणसूत्र मुलींनाच देतो, मुलग्यांना वाय जातं. मोठं हृदय एक्सवरून उतरतं असा एक सिद्धांत आहे. ४ ऑक्टोबर १९८९ ला लॅमिनायटिस या खुराच्या आतल्या सुजेमुळे सेक्रेटेरिएटला शांतपणे मरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. स्वर्चेक यांनी हृदयाचा अंदाज सुमारे २२ पौंड दिला, नेहमीच्या घोड्याच्या दुपटीहून जास्त. पण अंदाज. काट्यावर ठेवलं नव्हतं. पुढे शॅमचं हृदय मात्र त्यांनी मोजलं, ते १८ पौंड भरलं.

गुणसूत्राचा भाग पाठ्यपुस्तकातला आहे. त्याच्यावर हृदयाची पेटी लादलेली आहे ती सिद्ध झालेली नाही.

फर्लांग
@पशुधन, धन्यवाद. सेक्रेटेरिएट आणि शॅम दोघांचा आईकडचा आजोबा एकच, प्रिन्सक्विलो. त्या सिद्धांतावाल्यांना हे फार आवडतं.

@टोटबाबा, चांगल्या घोड्या सगळ्याच नामांकित स्टॅलियनना, म्हणजे पैदाशीच्या घोड्यांना, मिळतात. त्यातले किती जण मुलींच्या बळावर यादीत पहिले येतात? आणि स्टॉर्म बर्ड, सिअ‍ॅटल स्लूकडे इतरांच्याही मुली गेल्याच की. स्टॉर्म कॅट टर्लिंग्वालाच झाला.

टोटबाबा
मग लेडीज सीक्रेटचं काय करता? सेक्रेटेरिएटची सगळ्यात भारी पळालेली मुलगी. ब्रीडर्स कप जिंकली, 'हॉर्स ऑफ द इयर' झाली. एक्सचा सिद्धांत खरा तर हिच्या पोटी खजिना निघायला हवा होता. निघालं काय? नाव घेण्याजोगं एकही नाही.

आणि उलटं उदाहरण आपल्याकडचं. रेझीन, नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला आणि गर्दीत हरवला. भारतात आणला तर इथे वर्षानुवर्षं वरच्या स्टॅलियनांत. पळणं वेगळं, पैदास वेगळी. मी सेक्रेटेरिएटच्या पळण्याला हात लावत नाही, माझं म्हणणं एवढंच की स्टडचा निकाल वेगळा लावा, आणि लावताना बेलमाँटचा फोटो समोर ठेवू नका.

केंटकीकर
मी लेक्सिंग्टनजवळ राहतो, त्यामुळे थोडं स्थानिक. इथल्याच पॅरिस गावाबाहेर क्लेबोर्नला त्याची कबर आहे. इथली रीत अशी की मोठ्या घोड्याचं डोकं, हृदय आणि खूर पुरतात. सेक्रेटेरिएटला अख्खा पुरला. दगड मात्र अगदी साधा, शेजाऱ्यांसारखाच. चार पावलांवर त्याचा बाप बोल्ड रूलर. तो बाप आठ वर्षं अमेरिकेत अव्वल स्टॅलियन होता, ही गोष्ट वादात कुणी आणली नाही याचं नवल वाटलं. लोक सेक्रेटेरिएटची तुलना नकळत बापाशी करतात आणि तिथेच त्याचा निकाल लागतो.

मला खटकतं ते वेगळंच. तुम्ही दोघं नफ्या-तोट्याचं बोलताय. तीन वर्षांच्या, धडधाकट, अजून वाढीला लागलेल्या घोड्याला कराराने घरी बसवला. २८ ऑक्टोबर १९७३ ला कॅनडात वुडबाइनला गवतावर शेवटची रेस सहज जिंकला आणि खेळ खलास. चौथ्या वर्षी तो काय पळाला असता हे कुणालाच कळलं नाही. पैदाशीचा धंदा नसता तर कळलं असतं.

पाचवी खिडकी
+१. हल्ली तर आणखी वाईट. फ्लाइटलाइन हा घोडा सहा रेस पळाला, सहाही जिंकला, घरी. २०२२ च्या लिलावात त्याचा अडीच टक्के हिस्सा ४६ लाख डॉलरला गेला. घोड्याचे चाहते व्हायला वेळ तरी द्या राव.

टोटबाबा
केंटकीकर साहेब, भावना समजली, पण चार वर्षांच्या घोड्याचा विम्याचा हप्ता कोण भरणार? पेनीबाईंना कर भरायचा होता. शेअर विकले नसते तर पागाच विकावी लागली असती, आणि मग ट्रिपल क्राउनला तो दुसऱ्याच मालकाच्या रंगात पळाला असता.

शिवाय तो अजिंक्य होता असं नाही. ट्रिपल क्राउननंतर ओनियन नावाच्या घोड्याने हरवला, प्रूव्ह आउट नावाच्या घोड्याने हरवला. डर्बीच्या आधी वुड मेमोरियलला तिसरा आला.

फर्लांग
वुडला तोंडात गळू झालं होतं, बाबा.

टोटबाबा
हरलेल्या प्रत्येक घोड्याच्या तोंडात काहीतरी असतं.

पशुधन
😀 पण गळू खरं होतं.

एक प्रामाणिक शंका. त्या काळी एका स्टॅलियनला वर्षाला चाळीसच्या आसपास घोड्या दाखवत. आता दीडशे-दोनशे. अमेरिकेत थरोब्रेडची नोंद ठेवणाऱ्या जॉकी क्लबने २०२० मध्ये १४० ची मर्यादा आणली होती, तीही २०२२ मध्ये मागे घेतली. तेव्हाचे आणि आताचे आकडे शेजारी ठेवताना हे लक्षात घ्यावं. आजच्यासारख्या घोड्या मिळाल्या असत्या तर सेक्रेटेरिएटची पिलावळ दोन-तीन हजारांवर गेली असती, आणि त्यात एखादा जबरा मुलगा निघण्याची शक्यताही.

टोटबाबा
नॉर्दर्न डान्सरलाही तेवढ्याच मिळत होत्या. तो मुद्दा त्यामुळेच मी टक्क्यांत मांडला.

फर्लांग
टक्के मान्य. नॉर्दर्न डान्सरच्या पुढे तो नाहीच, मी तसं म्हटलेलंही नाही. पण नॉर्दर्न डान्सरच्या खाली असणं म्हणजे नापास असेल तर गेल्या शतकातले दोन-तीन सोडून सगळेच नापास. एकूण थरोब्रेडांत मोठी शर्यत जिंकणारी शिंगरं शंभरात तीनेक निघतात. सेक्रेटेरिएटची आठच्या वर. हा निकाल प्रथम वर्गाचा आहे, सुवर्णपदकाचा नाही. लोकांना सुवर्णपदक हवं होतं. १९७६ मध्ये त्याच्या पहिल्या पिढीतलं कॅनेडियन बाउंड हे शिंगरू कीनलँडच्या लिलावात १५ लाख डॉलरला गेलं, लिलावात दहा लाखांच्या वर गेलेलं पहिलं. आणि मैदानावर शून्य. तिथूनच 'फुकट गेला' सुरू झालं. तो शिक्का पैसे बुडालेल्यांनी मारलाय, आपण पन्नास वर्षं तो गिरवतोय.

पैदाशीत हमी नसते याचा पुरावा खुद्द त्याच्या घरात आहे. १९६९ मध्ये बोल्ड रूलरचे मालक फिप्स आणि पेनीबाई यांच्यात कोणती शिंगरं कुणाची यावर नाणं उडवलं. फिप्स जिंकले आणि समथिंगरॉयलची आधीच झालेली शिंगरी घेतली, द ब्राइड. बाप तोच, आई तीच. एकही रेस जिंकली नाही. हरलेल्या बाईंच्या वाट्याला पोटातलं शिंगरू आलं, तो सेक्रेटेरिएट. सख्ख्या भावंडांची ही तऱ्हा, तर मुलग्यांकडून बापाची प्रत कुठली मागता?

टोटबाबा
बरोबर. म्हणूनच ३२ शेअरांत ६० लाख ओतले तो जुगार होता, आणि जुगारात हरलेला हरला म्हणायचं असतं. बाय द वे, तुमच्या लाडक्या ए. पी. इंडीचा बाप सिअ‍ॅटल स्लू. तो बोल्ड रूलरचा पणतू, बोल्डनेशियन आणि बोल्ड रीझनिंगमार्गे. म्हणजे घराण्याचं नाव टिकलं ते बोल्डनेशियनच्या फांदीवर, सेक्रेटेरिएटच्या नाही. आज टॅपिटपर्यंत जी पुरुषी रांग चालते ती तीच.

केंटकीकर
पण मग ए. पी. इंडीत बोल्ड रूलर दोन्हीकडून आला, बापाकडून आणि आईकडून. आईकडून आला तो सेक्रेटेरिएटमार्गेच. दोघंही अर्धे जिंकलात.

फर्लांग
@टोटबाबा, एकच विचारतो. फेब्रुवारी १९७३. हँकॉकचा फोन येतो, १,९०,००० डॉलर, होय की नाही. पुढचं सगळं आज माहीत आहे. शेअर घेतला असता?

टोटबाबा
नसता. त्याच्या मुली लिलावात येईपर्यंत थांबलो असतो आणि दोन उचलल्या असत्या.