चून, पिठलं की बेसन?

मातीची चूल: आजीने सांगितलेल्या खाण्याच्या आठवणी टाइप करतेय. गाव दर्यापूरकडचं. पेरणीच्या दिवसांत शेतात जाणारी चून-भाकर, भुलाबाईची खिरापत, नवसाचे रोडगे. जेवणावरून तिचं अख्खं वर्ष कळतं. मुद्रितशोधकाने 'चून'चं 'पिठलं' केलं, आणि 'वरून सांबार टाकला' इथे 'सांबार वाढलं'! ती कोथिंबिरीबद्दल बोलत होती. शब्द ठेवून तळटीप द्यावी का?

वऱ्हाडवाट: टीप काहून? सांबार बारीक चिरला म्हटलं की कोणालेही समजते. आन चून म्हणजे पिठलं नाहीच. पिठलं पातळ, चून घट्ट. माही माय कढईच्या बुडाची खरपुडी काढून भाकरीवर ठेवे, तिच्यासाठी भावंडांत भांडणं होत.

काटोलकर: आमच्याकडे त्याला बेसनच म्हणतात. 'आज बेसन केलं' म्हणजे शिजवलेलं.

शब्दशोध: चूर्ण, चुण्ण, चून. मूळ अर्थ पीठ. पदार्थाला चून म्हणणं ढिला वापर आहे. पुस्तकात पिठलंच हवं.

वऱ्हाडवाट: मग पिठलं तरी कशावरून आलं? पिठावरूनच ना!

रिद्धपूरची वाट: तेराव्या शतकात लीळाचरित्र आमच्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ, आणि तोही माणसांकडून गोळा केलेल्या आठवणींचाच. इथल्या बोलीला पुस्तकात यायला परवानगी कशाला लागावी? आजीच्या तोंडचा शब्द काढला तर त्या आठवणीची चवच जाते.

काटोलकर: सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं म्हणतात.

शब्दशोध: ती ऐकीव गोष्ट. 'संभार' म्हणजे सामग्री, त्यावरून मसाला. कोथिंबीर मसाल्यातलीच, म्हणून आपल्याकडे तिला ते नाव राहिलं असावं.

वऱ्हाडवाट: ते राहू द्या. ताई, आजीच्या रोडग्याले पदर असतात का? आमच्याकडे त्याले पानगे म्हणतात.

मातीची चूल: विचारलं. लहान पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मोठ्या पोळीत गुंडाळून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. राख फडक्याने झटकायची, मग फोडून तूप. सोबत वांग्याची भाजी. पण ती म्हणते, पानगे वेगळे.

काटोलकर: वेगळे कसे? आमच्याकडे दोन्ही एकच.

रिद्धपूरची वाट: एक नाहीत. पानगा पानावर थापतात, नावातच पान आहे.

वऱ्हाडवाट: आमच्या गावात तर कोणी पानावर थापत नाही, बाप्पा.